बोलतानाही उघडा कान

“...पण सर, या तीन संचांतला घेऊ कुठला?”

काझीसरांनी उत्तर दिलं नाही. ते सुपारी कातरत होते.

शलाका टिपणीसने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुण्याहून पहाटे निघून, तरीतून खाडी ओलांडून, पाठीवर रेडिओसंचांचं ओझं घेऊन ती खारशेत बंदराचं टेकाड चढून आली होती, ती काही सुपारी कातरताना बघायला नव्हे.

“मोठ्यानं बोल गं पोरी,” ओसरीवर सुकी करंदी, बारीक कोलंबी, निवडत बसलेल्या सरांच्या पत्नी सकीनाचाची म्हणाल्या. “त्यांचा डावा कान गेलाय. उजवा जायच्या वाटेवर आहे.”

शलाका बघतच राहिली.

हौशी रेडिओवाल्यांच्या गोतावळ्यात काझीसरांचं नाव निघालं की भलेभले कानाच्या पाळीला हात लावत. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, आकाशातल्या उपग्रहावर आवाज फेकून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे सांगत. तो बहिरा आहे हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने सरांच्या उजव्या कानाशी वाकून तिसऱ्यांदा विचारलं.

“कशासाठी हवाय?” सर म्हणाले.

“फुल डुप्लेक्ससाठी. साध्या संचाचं बटण दाबलं की त्याचा कान बंद होतो. बोलायचं तेव्हा नुसतं बोलायचं. मला बोलतानाही ऐकू येणारा संच हवाय.”

“काय ऐकू येणारा?”

“माझा आवाज. वर उपग्रहापर्यंत जाऊन परत आलेला. तो कानावर पडला तरच कळतं, आपण पोचलो.”

“आणि नाही पडला तर?”



या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गेल्या वर्षी भादव्यात तिचा धाकटा भाऊ मिहिर भैरवदरीत घसरून पडला, पाय मोडून. दरीत फोन लागत नाही. त्याच्याजवळ हातात मावेल एवढा संच होता, आणि उपग्रह डोक्यावरून जायची वेळ दोघांनी आधी ठरवून ठेवली होती. इकडे डोंगराच्या पायथ्याशी तळावर शलाका बसलेली, बाजूला सुटकेला निघालेली माणसं उभी.

उपग्रह आला. तिने हाक मारली. काही ऐकू आलं नाही.

म्हणून तिने संचाची ताकद वाढवली. तरीही काही नाही. आणखी वाढवली. मग ती हाका मारतच सुटली.

त्या उपग्रहावर एका वेळी एकाचाच आवाज मावतो, ज्याचा मोठा त्याचा. शलाकाचा आवाज चांगला पोचत होता. बिघडलं होतं ते तिचं ऐकणं, कारण घाईत तिने ऐकण्याच्या लहरीचा आकडा भलताच लावला होता. ऐकू येत नाही म्हणून ओरडणं ही या छंदातली जुनी चूक आहे. नवशिके ती एकदा करतात. शलाका नवशिकी नव्हती, हेच तिला जास्त लागलं.

माणसं अंदाजाने ओढ्याकडून चढली. तिथे पाणी छातीपर्यंत आलेलं. त्यांना मागे फिरावं लागलं आणि मिहिर आणखी एक रात्र दगडावर पडून राहिला. पुढे हैदराबादच्या कुणा अनोळखी हौशीने त्या वेळचं ध्वनिमुद्रण पाठवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शलाकाचा खणखणीत आवाज होता. तिने मधे खोकायला बटण सोडलं तेवढ्याच फटीत मिहिर ऐकू येत होता. तो म्हणत होता, “...पाणी भरलंय...” आणि त्यावर पुन्हा शलाका.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मिहिर त्यावरून स्वतःची थट्टा करतो. घरात सगळे हसतात. शलाका उठून आत जाते.

“आज संध्याकाळी मिहिर पुन्हा त्याच दरीत आहे, सर,” ती म्हणाली. “उद्या सकाळी कॉलेजची मुलं तिथे जायची आहेत. तो दोन मित्रांना घेऊन वाट तपासायला पुढे गेलाय. कुठल्या बाजूनं आणायचं ते तो आज ऊन उतरल्यावर उपग्रहावरून सांगणार आहे. त्या वेळी मी ते ऐकून मुलांना फोन केला नाही, तर मुलं सकाळी नेहमीच्या वाटेनं निघतील. या खेपेला मी चुकणार नाही. संच कुठला घ्यायचा तेवढं सांगा.”

सरांनी अडकित्ता खाली ठेवला.

“दाखव.”

शलाकाने पिशवी मोकळी केली. एक चकचकीत संच, त्याच्या पाटीवर एकाखाली एक दोन आकडे. एक मोठा मेजावरचा संच, परदेशातून मागवलेला. आणि दोन छोटे, मुठीत मावणारे, एकसारखे.

“हा चकचकीत दुकानदाराने दिला. म्हणाला, दोन्ही बाजू एकदम चालतात.”

सरांनी दोन आकड्यांचा संच उचलला. छोट्यांतला एक चाचींच्या हातात दिला. चाची करंदी निवडायचं सूप बाजूला सारून माडांपर्यंत गेल्या आणि त्यात बोलायला लागल्या. इकडे संचातून त्यांचा आवाज स्वच्छ येऊ लागला. त्या शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या, आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

सरांनी कान लावला नाही. संचाच्या जाळीवर, जिथून आवाज बाहेर पडतो तिथे, दोन बोटं टेकवली.

मग दुसऱ्या हाताने बोलायचं बटण दाबलं.

कोंबड्या गप्प झाल्या. बटण सोडलं, कोंबड्या पुन्हा सुरू.

सरांनी जाळीवरची बोटं उचलून शलाकाला दाखवली.

“आकडे दोन,” ते म्हणाले. “कान एकच. तोही बोलताना बंद.”

शलाकाने तो संच पिशवीत परत टाकला, जरा जोरातच. दुकानदाराला ती मनातल्या मनात काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“मग हा मोठाच,” ती म्हणाली. “याला खरोखर दोन कान आहेत. मी सगळं वाचलंय.”

“वर चल,” सर म्हणाले. “उपग्रहाची दुपारची फेरी येईल आता.”

गच्चीवर एका बांबूला हातात धरायचा अँटेना टेकवून ठेवला होता, माशाच्या काट्यासारखा. शलाकाने मोठा संच मांडला, तारा जोडल्या, आकडे लावले आणि ते पुन्हापुन्हा तपासले. चाची करंदीसकट वर आल्या. आपला छोटा संच त्यांनी पदराआड ठेवला आणि एका कानात त्याचं ऐकायचं बोंडूक घातलं.

उपग्रह दिसत नसतो. दक्षिणेकडे संचात खरखर विरळ व्हायला लागली की समजायचं, आला.

आला.

शलाकाने बटण दाबलं आणि आपलं ओळखनाव सांगितलं. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. शाळेपासून तिने वक्तृत्वाच्या ढाली घरी आणल्या होत्या. बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे तिच्या आईने तिला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं.

कानात काही आलं नाही.

बटण दाबलं की दुसरा कान दगडासारखा. सोडलं की माणसांचे आवाज. पुन्हा दाबलं, पुन्हा दगड.

“दोन कान आहेत ना याला!” ती ओरडली. “मग?”

तिचा हात आपसूक ताकदीच्या खुंटीकडे गेला. वाढवायला.

सरांनी तिचा हात धरला.

त्यांनी ती खुंटी उलटी फिरवली. खाली. आणखी खाली. पार तळाला.

“सर, एवढ्याशा ताकदीवर वर कोण ऐकेल?”

“बोल.”

ती बोलली.

आणि हेडफोनमध्ये, किंचित मागे रेंगाळत, तिचाच आवाज परत आला. वरून. शलाकाच्या अंगावर काटा आला. स्वतःच्याच दणक्याने त्या संचाचा कान इतका वेळ दडपला होता. दणका कमी झाला आणि कान उघडला.

ती बोलत राहिली. शब्द सोडायचा आणि तो वर शिवून परत येताना ऐकायचा. तिचे डोळे भरून आले. हे त्या दिवशी असतं तर... हाच विचार तिला वर्षभर सोडत नव्हता, आणि आता तो संच तिच्यापुढे होता.

“ऐकू आलं सर! ऐकू आलं!”

“काय?”

“मी!”

“आणखी?”

शलाका गोंधळली.

“आणखी काय?”

सरांनी चाचींकडे पाहिलं. चाचींनी कानातलं बोंडूक जरासं बाहेर ओढलं.

“मंगळूरचा कोणी म्हातारा आहे,” त्या म्हणाल्या. “हिच्या मागोमाग हिचंच नाव घेऊन हाका मारतोय बिचारा. हिचं नीट ऐकू येतंय म्हणून सांगत होता. दोनदा तर हिच्या शब्दाशब्दांच्या मधे आला. मला वाटलं ही मुद्दामच उत्तर देत नाहीये.”

शलाकाने हेडफोन काढून हातात घेतले. जणू काही त्यांच्यात म्हातारा अजून सापडला असता.

त्यांचं बोलणं होईपर्यंत उपग्रह माथ्यावर आला होता. सरांनी दुसरा छोटा संच उचलला आणि चाचींच्या शेजारी बसले. बोलायचा संच सरांच्या हातात, ऐकायचा चाचींच्या. चाचींनी एका हाताने सरांचं मनगट धरलं. करंदीचा वास असलेली ती बोटं मनगटावर अशी बसली, की वर्षानुवर्षं ती तिथेच बसत आली असावीत.

सरांनी बटण दाबलं. “मंगळूर, मंगळूर, इथे खारशेतहून का—”

मनगट दाबलं गेलं.

काझीसर स्वतःच्या नावाच्या मधे थांबले. ‘झी’ तोंडातच राहिला.

एवढा मोठा माणूस आपल्याच नावाचं शेवटचं अक्षर गिळून बसला, आणि त्याला काहीच वाटलं नाही. शलाकाला मात्र वाटलं. 

चाची म्हाताऱ्याचं ऐकत होत्या. मान हलवत होत्या. मग त्यांनी सरांच्या उजव्या कानात दोन शब्द सांगितले आणि बोटं सैल केली.

“—नमस्कार,” सर म्हणाले. “तब्येत सांभाळा. मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं, ऐकून आनंद झाला.”

उपग्रह उत्तरेला कलला आणि खरखर परत आली.

 खाली तरीचं इंजिन फटफटत होतं.

“सर...”

“हं.”

“म्हणजे संच मोठाच, पण ताकद कमी ठेवायची. बरोबर?”

“बरोबर.”

“की मग ही दोन पिल्लं? एक बोलायला, एक ऐकायला?”

“तेही बरोबर.”

“दोन्ही कसे बरोबर?”

“दोन्ही ऐकतात.”

“मग निवडायचं काय?” शलाका वैतागली. पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखं तिला झालं होतं, आणि घडा कोण आणि पाणी कोण हेही तिला समजत नव्हतं.

सर पुन्हा सुपारी कातरू लागले.

चाचींनी नाचणीची भाकरी आणि सुक्या करंदीचं कालवण पुढे ठेवलं. शलाकाला घास उतरेना. ती एकदा मोठ्या संचाकडे बघे, एकदा छोट्या दोघांकडे. ज्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं तो संच मिळाला होता. बोलताना त्याचा कान उघडा राहत होता. तरी म्हातारा तिला ऐकू आला नव्हता, आणि म्हातारा काही लहान आवाजाचा नव्हता. मिहिरचा संच त्याहून बारका.

“चाची,” तिने हळूच विचारलं, “तुम्ही कधी बोलत नाही का रेडिओवर?”

“बोलते की! माझा स्वतःचा परवाना आहे. ते बोलतात तेव्हा मी ऐकते, मी बोलते तेव्हा...” चाची हसल्या. “पूर्वी ते ऐकायचे. आता मी बोलते तेव्हा आमची सून ऐकते. ती नसली तर मी बोलतच नाही.”

“एकट्यानं दोन्ही जमतं की लोकांना.”

“जमतं ना. यांना जमायचं. मला नाही जमत बाई. बोलायला लागले की मला माझंच गोड वाटतं.”

शलाका खाली मान घालून भाकरी मोडत राहिली.

ऊन उतरलं. माडांच्या सावल्या अंगणभर लांबल्या. सर गच्चीवर आले तेव्हा शलाकाने मोठा संच बंद करून भिंतीला लावून ठेवला होता. तिच्यापुढे दोन छोटे संच होते.

“ठरलं?” सरांनी विचारलं.

“हो. हे दोन.”

“एकेका हातात एकेक?”

 तिने बोलायचा संच उचलला. तो तिच्या मुठीत छान बसत होता. अंगठा आपोआप बटणावर गेला. आज दरीत तिचा भाऊ होता, त्याला तिचाच आवाज ऐकायचा असणार, आणि त्याच्याशी बोलायचा हक्क तिच्याइतका दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

“मी बोलायला लागले की मला मीच ऐकू येते, सर,” ती म्हणाली. हे तिने शांतपणे म्हटलं, पण म्हणताना तिला लाज वाटली आणि ती लाज तिने लपवली नाही. “संच कुठलाही असो.”

तिने बोलायचा संच सरांच्या हातात दिला.

“तुम्ही बोला. मी ऐकते.”

सरांनी मनगट पुढे केलं.

दक्षिणेकडे खरखर विरळ झाली.

शलाकाने ऐकण्याचा आकडा आधीच बघून ठेवला होता. उपग्रह येताना सूर थोडा वर असतो, जाताना खाली उतरतो, म्हणून ती बटणाने तो आकडा हळूहळू सरकवत होती. एका हातात ऐकायचा संच, दुसऱ्या हातात सरांचं मनगट. अँटेना चाचींनी धरला होता आणि त्या तो आकाशात अशा फिरवत होत्या, की जणू त्यांना तो उपग्रह दिसतच होता.

कानात आवाज फुटला.

मिहिरचा नव्हे. कोणीतरी उत्तरेकडचा माणूस, दणकट आवाजाचा, सगळ्या जगाला हाक मारत होता. स्वतःचं ओळखनाव, मग गावाचं नाव, मग पुन्हा ओळखनाव. थांबायचं नावच नाही. त्याला उत्तरं ऐकू येत नव्हती हे शलाकाला दुसऱ्याच वाक्याला कळलं, आणि म्हणून तो आणखी जोर लावत होता.

 ती त्या माणसाला ओळखत नव्हती, तरी चांगली ओळखत होती.

त्याच्या आवाजाखाली, खोल कुठेतरी, काहीतरी हललं. एक बारीक घरघर. मिहिरचं असेल का? तिने डोळे मिटले. मिहिरच होता.

तिने मनगट दाबलं. सर थांबले. ते तोंड उघडणारच होते.

“काय?”

“मिहिर आहे. खाली दबलाय. एक माणूस थांबतच नाहीये.”

 बोलायचा संच एका वितीवर होता. हिसकावून घ्यावा, पूर्ण ताकद लावावी आणि त्या माणसाला असा काही दम द्यावा की त्याने जन्मात बटण दाबू नये... तिचे ओठ हललेसुद्धा. पण तिने ताकद लावली असती तर आकाशात एकाच्या जागी दोन दणके झाले असते. दोन्हींच्या खाली तिचा भाऊ.

ती ऐकत राहिली. आता ती त्या माणसाचा श्वास ऐकत होती. ओळखनाव, गाव, ओळखनाव... आणि मग एक लहानशी धाप. पुन्हा ओळखनाव, गाव, ओळखनाव... धाप.

पुढच्या धापेच्या जरा आधी तिने मनगट सोडलं.

“रुकिए भाई,” काझीसर अगदी साध्या आवाजात म्हणाले. “घाटी में लोग हैं. उनको बोलने दीजिए.”

तिने मनगट दाबलं. सर थांबले.

उत्तरेकडचा आवाज आला नाही.

आकाश रिकामं झालं. संचात नुसती पातळ खरखर होती, आणि त्या खरखरीत शलाका असा कान देऊन बसली की चाचींच्या बांगड्यांचा आवाजही तिला नको वाटला.

“...ताई, मिहिर. ताई, मिहिर. ओढ्यावरचा साकव वाहून गेलाय. पुन्हा सांगतो, साकव नाही. मुलांना ओढ्याकडून आणू नका. देवळामागची वाट चांगली आहे, तिकडून आणा. आम्ही तिघंही ठीक आहोत. ऐकलं का?”

शलाकाच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते. ती सरांच्या उजव्या कानाशी वाकली आणि मिहिरचा निरोप जसाच्या तसा सांगितला. एक शब्द स्वतःचा घातला नाही. मग बोटं सैल केली.

“साकव नाही,” सर म्हणाले. “देवळामागची वाट. तिघं ठीक. निरोप मिळाला.”

मनगट दाबलं गेलं.

थोडा वेळ नुसती खरखर. शलाकाने आकडा एक घर खाली सरकवला. उपग्रह उत्तरेला झुकत चालला होता आणि मिहिरचा आवाज पातळ होत होता.

“...हे कोण बोलतंय?” तो विचारत होता. त्याच्या आवाजात धाकधूक होती, शलाकाला ती स्वच्छ ऐकू आली. “ताई कुठे आहे? ताई आहे ना तिथे?”

 सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातला संच तिच्यापुढे धरला. बटण वर करून.

तिने संचाकडे पाहिलं...

संच घेतला असता तर दुसऱ्या हातातला ऐकायचा संच खाली ठेवावा लागला असता, आणि मिहिरचं बोलणं अजून संपलं नसावं.

तिने मान हलवली. नाही.

ती सरांच्या कानाशी वाकली.

“तो विचारतोय, ताई कुठे आहे.”

तिने मनगट सोडलं.

काझीसरांनी बटण दाबलं.

“ऐकतेय,” ते म्हणाले.